नखभर मेंदी

मराठीत नखावरून वाक्प्रचार पुष्कळ आहेत. एखाद्याला दुसऱ्याच्या नखाची सर येत नाही, कुणी गळ्याला नख लावतं, कुणी नखशिखांत नटतं. मात्र नखाची निगा राखावी, असं सांगणारी म्हण आम्हाला तरी आठवत नाही. ज्या हातांना सकाळी चूल आणि रात्री भांडी, त्यांची नखं तुटणार, झिजणार आणि पुन्हा वाढणार. त्यात सांगण्यासारखं काय, असाच सगळ्यांचा हिशेब असावा.

आम्ही म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातल्या, खाडीकाठच्या एका मोहल्ल्यातल्या, एकाच घरच्या बायका. तीन बहिणी, दोन भाभी, एक चाची आणि हयात होती तोवर दादी. पुढे लग्नं झाली, कुणी मुंब्र्याला गेली, कुणी पनवेलला. पण जुम्म्याच्या आदल्या रात्री, इशाची नमाज झाल्यावर नखं काढायला बसायची सवय सगळ्यांच्या बरोबर गेली. शेजारच्या काकू म्हणायच्या, तिन्हीसांजेला नखं काढू नयेत. दादीही तेच म्हणायची. पूर्वी कंदिलाच्या उजेडात नखाबरोबर बोटही कापलं जायचं, म्हणून हा नियम आला असेल. वीज आली, तसा तो आमच्या घरात सैल झाला.

नखं कापणं आमच्याकडे दीनच्या शिकवणीतच येतं. फितरतीच्या पाच गोष्टींत ते आहे. चाळीस दिवसांहून जास्त दिवस ती राहू देऊ नयेत, अशी हजरत अनस यांची रिवायत ‘सहीह मुस्लिम’मध्ये आहे. ज्याला कुर्बानी करायची, त्याने जिल्हजचा चाँद दिसल्यापासून कुर्बानी होईपर्यंत नखं काढू नयेत, म्हणून बकरीदेच्या आधी घरात नेलकटरची शोधाशोध ठरलेली. मदरशात वुजू शिकवताना उस्तानी आमची बोटं उलटसुलट करून बघायच्या. नखाखाली पीठ वाळून बसलं तर पाणी खाली पोचत नाही. पाणी पोचलं नाही तर वुजू नाही, आणि वुजू नाही तर नमाज नाही. ‘पाणी पोचलं पाहिजे,’ हे त्यांचं वाक्य आमच्या डोक्यात पक्कं बसलं.

आणि पोचू न देणाऱ्या गोष्टी तरी किती! तांदळाच्या भाकरीची उकड, कोळंबीची सालं, तिसऱ्यांचा चिखल, नारळाच्या शेंड्या. मे महिन्यात आमसुलांचा रंग बोटांच्या पेरांत मुरायचा. सगळ्यात वाईट ओले काजू. त्यांच्या टरफलातला चीक बोटांवर आला की कातडी भाजते, काळी पडते आणि मग तिची सालपटं निघतात. हाताला राख किंवा खोबरेल चोळून आम्ही बी फोडायला बसायचो, तरी नखांच्या कडा चिरायच्या. हाताची काळजी हा शब्दच तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. नखुरडं झालं, तर लिंबाला भोक पाडून ते बोटावर टोपीसारखं बसवायचं, इतकाच उपचार. ठणका थांबला नाही आणि पू धरला, तर मग डॉक्टर.

मॅनिक्युअर आमच्या घरात आली ती कुवेतहून. कोकणातल्या मुसलमान घरांत १९७० नंतर आखाताचा पैसा आला, आणि पैशाबरोबर बॅगा आल्या. अशाच एका बॅगेतून भाईजानने चेन लावलेली एक चामडी पेटी आणली. आत कोरियन बनावटीचा नेलकटर, इवलीशी वाकडी कात्री, चिमटा, कानस आणि एका टोकाला चपटी असलेली सळई. चिमट्याने आम्ही पायातले काटे काढले. कात्रीने शिलाईचे धागे कापले. चपटी सळई डब्यांची घट्ट झाकणं उघडायला फार उपयोगी पडली. पुढे पार्लरचा कोर्स केलेली मामेबहीण मुंबईहून आली, आणि पेटीतल्या प्रत्येक वस्तूचं खरं काम आम्हाला कळलं. मॅनिक्युअर हा मूळचा लॅटिन शब्द, त्याचा अर्थ हातांची निगा, हेही तिच्याच कोर्सच्या पुस्तकात होतं.

तेव्हापासून आमची पद्धत ठरली. कोमट पाण्यात साबणाचे चार थेंब टाकून हात पाच-सात मिनिटं बुडवायचे. नख मऊ झालं की कापताना चिरत नाही. हाताची नखं बोटाच्या गोलाईने कापायची, पायाची सरळ रेषेत, नाहीतर कोपरा मांसात घुसतो. कानस एकाच दिशेने फिरवायची, करवतीसारखी पुढे-मागे नाही. नखाच्या मुळाशी जी पातळ कातडी असते, ती पार्लरमध्ये कापतात. आम्ही कापत नाही. ती नखाची खिडकी बंद ठेवते. ती कापली की जंतूंना वाट मिळते आणि पुन्हा ते लिंबू शोधावं लागतं. कापडाने हलकेच मागे सारायची, इतकंच. मग खोबरेलाचा एकेक थेंब प्रत्येक नखावर, आणि अंगठ्याने चोळणं. नखावरचे पांढरे ठिपके कॅल्शियम कमी झाल्याचे असतात, असं सगळेच सांगतात. बहुतेकदा ते नखाला कुठेतरी लागलेल्या माराचे असतात, हेही आम्ही यातूनच शिकलो.

यात एक गंमत आहे. डाव्या हाताने उजव्या हाताची नखं नीट करता येत नाहीत. म्हणून आमच्यात एकीचा हात दुसरीच्या मांडीवर असायचा. दिवसभरात आमचे हात शंभर गोष्टी धरतात, पण ते धरून कुणी बसलं आहे, असं फक्त त्या रात्री व्हायचं.

नखांचा खरा शृंगार मेंदीचा. मेंदीच्या पानातलं रंगद्रव्य कातडीतल्या आणि नखातल्या केराटिन नावाच्या प्रथिनाला धरून बसतं. त्याचा थर होत नाही, म्हणून पाणी अडत नाही आणि वुजूही होतो. दादी बोटांच्या टोकांना मेंदीच्या टोप्या घालायची. तळहातावरचा रंग दोन-तीन आठवड्यांत उडतो, कारण कातडी झडते. नख झडत नाही, ते पुढे सरकतं. महिन्याला साधारण तीन मिलिमीटर, आणि पायाचं त्याच्या निम्म्याने. त्यामुळे लग्नात लावलेली मेंदी नखावर हळूहळू वर चढते आणि मुळाकडून कोरं नख येत राहतं.

आखातात नवरा असलेल्या घरांत हे नख म्हणजे कॅलेंडर असतं. भाईजानला दोन वर्षांनी दोन महिन्यांची सुट्टी. त्या सुट्टीतच लग्न झालं. तो परत गेला तेव्हा भाभीचं निम्मं नख कोरं होतं आणि निम्म्यावर लग्नाचा रंग होता. पुढे तो रंग टोकाला आला, चाँदीसारखी एक बारीक कोर उरली. ती कोर कापायची वेळ आली त्या गुरुवारी भाभीने हात मागे घेतला. म्हणाली, ‘आज राहू द्या.’ चाचीने कात्री बाजूला ठेवली. कुणी काही बोललं नाही. पुढच्या गुरुवारी भाभीने स्वतःच हात पुढे केला.

नेलपॉलिशचं प्रकरण वेगळं. नेलपॉलिश म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा पातळ पापुद्रा, मोटारीच्या रंगाची धाकटी बहीण. त्याखाली पाणी जात नाही. आखातातून लाल-गुलाबी बाटल्या तर भरपूर यायच्या. मग लावायचं कधी? नमाज माफ असलेल्या दिवसांत. आमच्यातल्या प्रत्येकीने हेच केलं आहे, आणि आमच्या वाचणाऱ्या बहिणींनाही हे नवं नाही. पण त्यामुळे जे गुपित राहायला हवं ते दहा बोटांवर जाहीर व्हायचं. धाकटीची नखं लाल दिसली की घरातल्या सगळ्या बायकांना कळायचं. मामू एकदा भोळेपणाने तिला म्हणाले, ‘अगं, ईद अजून लांब आहे!’ ती आठ दिवस त्यांच्यासमोर हात ओढणीखाली लपवून फिरली. कित्येक मुलींनी याच संकोचापायी पॉलिश सोडून दिलं, आणि कित्येकींनी रोज इशानंतर लावून फजरला पुसायचा खटाटोप केला. त्या रिमूव्हरने नखं कोरडी पडून पापुद्रे सुटायचे, ते वेगळंच.

२०१३च्या सुमारास पाणी आणि हवा आत सोडणाऱ्या पॉलिशची चर्चा जगभरातल्या मुसलमान बायकांत सुरू झाली, ती पोलंडच्या इंग्लॉट कंपनीच्या मालावरून. आता ‘हलाल’ लिहिलेल्या बाटल्या बाजारात सहज मिळतात. उलेमांत यावर एकमत नाही. आमच्यातल्या एकीने तसली एक बाटली टिपकागदावर लावून वर पाण्याचा थेंब सोडला. थेंब तसाच राहिला, बोटाने चोळल्यावर मागे थोडी ओल आली. ज्याने त्याने आपल्या दिलाला विचारून ठरवावं, असं म्हणून आम्ही तो विषय सोडला.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं, ती सांगतो.

भाभीला तिसरं मूल झालं, त्यानंतरचं वर्ष. भाईजान कुवेतला. भाभी थकलेली दिसायची, जिना चढताना तिला धाप लागायची. तीन मुलं, सासरचा पसारा, थकणारच, असं सगळे म्हणायचे, तीही म्हणायची. नखांवर तिची मेंदी कायम, त्यामुळे नखांचा फिकेपणा दिसायचा प्रश्नच नव्हता. एका गुरुवारी तिच्या नखावर खोबरेलाचा थेंब टाकला, तो ओघळला नाही. नखाच्या मधोमध बसून राहिला. दुसऱ्या नखावर टाकला, तिथेही तसाच. नखं मध्ये खोल आणि कडांना वर आलेली, चमच्यासारखी झाली होती. चाची म्हणाली, ‘हे काही बरोबर दिसत नाही.’

तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी नखं बघितली, पापणी खाली ओढून बघितली आणि रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन सात. बाईला ते निदान बारा तरी हवं. लोह फार कमी झालं की नखं अशी चमच्यासारखी होतात, असं त्यांनी सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या. त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या. मग आम्ही दर गुरुवारी तिच्या नखांची मुळं बघायला लागलो. दोनेक महिन्यांनी मुळाशी सपाट नख दिसलं. जशी लग्नाची मेंदी वर चढली होती, तसाच तो खळगा वर चढत गेला, आणि सहाएक महिन्यांनी शेवटचा वाकडा तुकडा नेलकटरने कापला गेला. या वेळी भाभीने हात मागे घेतला नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे दहा बायका एका दस्तरख्वानवर बसल्या तर त्यातल्या पाच-सहा जणी अशा. सगळ्यांची नखं काही चमच्यासारखी होत नाहीत. पण कुणीतरी हात हातात घेऊन बघितल्याशिवाय ज्यांची होतात त्यांचीही कळत नाहीत. नवरा परदेशी, सासू चष्म्यावाली, मुलं लहान. अशा बाईचा हात बघणार कोण?

२०२० साली ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघरी बोटाला यंत्र लावून ऑक्सिजन मोजला गेला. गडद पॉलिशमुळे यंत्राचा आकडा चुकू शकतो, म्हणून ते पुसायला सांगत. ऑपरेशनच्या आधीही तेच सांगतात, डॉक्टरांना नखाचा निळा-फिका रंग बघायचा असतो. आमच्या मोहल्ल्यात मय्यतीला गुसल देणाऱ्या बायकांच्या पिशवीत कापूर, कापूस, साबण यांबरोबर आता रिमूव्हरची बाटलीही असते. शेवटच्या आंघोळीचं पाणीही नखापर्यंत पोचावं लागतं. लाल नखं असलेली कुणी तरुण गेली, की त्या बायका एकेक बोट हातात घेऊन सावकाश पुसतात. ते बघणं कठीण असतं. इतक्या निगुतीने तिचा हात तिच्या हयातीत कुणी धरला होता का, असं तेव्हा मनात येतं.

आमच्या पुढच्या पिढीच्या मुली मुंब्र्याच्या, पनवेलच्या पार्लरमध्ये जातात. जेलची नखं निळ्या दिव्याखाली वाळवून घेतात, ती आठवडेच्या आठवडे निघत नाहीत. त्यांची नमाज त्यांच्या नि अल्लाहच्या मधली गोष्ट, त्यावर आम्ही बोलत नाही. दादी नाही, चाचीही गेली. आता गुरुवारी रात्री फोनवर सगळ्या एकत्र येतो, जी ती आपल्या घरी कोमट पाण्याचं भांडं घेऊन बसलेली.

सुट्टीत मुली गावी आल्या की भाभी पहिल्याच रात्री त्यांचे हात मागते. उलटसुलट करून बघते, चमकणाऱ्या नखांवरून अंगठा फिरवते आणि म्हणते, ‘छान आहे गं. पण एका बोटाचं तरी नख उघडं ठेवत जा. मला बघायला.’