हप्त्याची तारीख

३ एप्रिल २०२५, डोंबिवली

रात्री दीडला उठून मोबाइल लावला. व्हाइट हाउसच्या बागेत ट्रम्प नव्या आयात जकातीच्या टक्क्यांचा मोठा तक्ता हातात धरून उभे. चीन ३४, व्हिएतनाम ४६, जपान २४, युरोपीय संघ २०, भारत २६. बाकी बहुतेकांना किमान १०.

सकाळी हा २६ आला कुठून ते शोधत बसले. मला वाटलं होतं, आपण त्यांच्या मालावर जी जकात घेतो तिचाच हा काहीतरी हिशेब असेल. तसं नाही. २०२४ मध्ये अमेरिकेची आपल्याशी व्यापारातली तूट साधारण ४६ अब्ज डॉलर, आपल्याकडून घेतलेला माल ८७ अब्जांचा. भागाकार ५२ टक्के, त्याचे निम्मे २६. चौथीतल्या मुलाचं गणित, आणि जकातीचा दर त्यात कुठेच नाही. हे मनाला फार लागलं. माणसांची कामं ज्या आकड्यावर राहणार किंवा जाणार, तो असा काढतात?

औषधं सध्या वगळली आहेत. दागिने नाहीत. मामेभाऊ अंधेरीला सीप्झमध्ये सोन्यात हिरे बसवायचं काम करतो. त्याच्या कारखान्यातला जवळजवळ सगळा माल अमेरिकेला जातो. फोन केला तर म्हणाला, "ताई, पाच तारखेपासून आधी दहा टक्के लागणार. त्याच्या आत विमानात चढेल तेवढं चढवायचं म्हणून रात्रपाळी लावलीय." आवाजात उत्साह होता. काम जास्त म्हणजे ओव्हरटाइम जास्त.

५ एप्रिल

चीनने काल उलट ३४ टक्के लावले, शिवाय सात दुर्मीळ खनिजांच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं. अमेरिकेचा एस अँड पी ५०० गुरुवारी ४.८ आणि शुक्रवारी जवळपास ६ टक्के पडला. सोमवारी आपल्याकडे काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

६ एप्रिल, रामनवमी

सुंठवडा वाटून झाल्यावर आईने आजोबांचा विषय काढला. लालबागला ते गिरणीत साच्यावर होते. मला १८९६ ची जकात आठवली. विलायती कापडावर हिंदुस्थान सरकारने आयात जकात लावली, तेव्हा लँकेशायरच्या गिरणीमालकांनी ओरड केली. मग त्यांचं समाधान व्हावं म्हणून कापडाची आयात जकात साडेतीन टक्क्यांवर आणली आणि तेवढाच कर मुंबईच्या गिरण्यांत विणलेल्या कापडावरही बसवला. आपल्याच शहरातल्या मालावर, दुसऱ्या देशातल्या मालकांसाठी! टिळकांनी त्याविरुद्ध विलायती कापडावर बहिष्काराची हाक दिली होती. तो कर जायला १९२६ उजाडलं. तीस वर्षं.

आईला एवढंच सांगितलं, की जकात कुठे लागते आणि कुणाच्या ताटातून जाते, हे तेव्हाही वेगळंच होतं.

७ एप्रिल

सव्वानऊला बाजार उघडला आणि सेन्सेक्स थेट ३,९०० अंशांनी खाली. हाँगकाँगचा हँगसेंग दिवसअखेर १३ टक्के पडला. १९९७ नंतर एवढी पडझड तिथे झाली नव्हती. नऊ ते बारा मी फोन खाली ठेवला नाही.

बारा वर्षं म्युच्युअल फंडाचं काम करतेय. कोविडची पडझड अंगावर घेतलेली आहे. पण त्या वेळी लोक विचारायचे, "हे कधी थांबेल?" आज विचारत होते, "हे तो उद्या मागे घेईल का?" एका माणसाच्या मनात काय आहे यावर सगळं अडलेलं. त्यावर मी काय सल्ला देणार? कंपनीचा ताळेबंद वाचता येतो, मन नाही. दुपारपर्यंत मी सगळ्यांना एकच उलट प्रश्न विचारत होते: हे पैसे तुम्हाला कधी लागणार आहेत? दहा वर्षांनी म्हणणाऱ्यांना सांगितलं, आज ॲप उघडू नका.

पावणेदोनला बाईंचा फोन. मला सातवीला शिकवलेल्या बाई. "अगं, माझं काढून टाक सगळं."

"बाई, आजच नका काढू. थोडं थांबू."

"मे महिन्यात दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन आहे. मी कशी थांबू?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीन वाजायच्या आत व्यवहार टाकला तर आजचाच भाव लागतो, आणि तो भाव वर्षातल्या वाईट भावांपैकी. मी ऑपरेशनपुरते काढायला लावले, उरलेले ठेवले. पण चूक आजची नाही. ऑपरेशनचं त्यांनी दिवाळीत सांगितलं होतं. तेव्हाच ते पैसे इक्विटीतून लिक्विड फंडात न्यायला हवे होते, आणि ते सांगणं माझं काम होतं.

बाजार २,२२६ अंशांनी खाली, ७३,१३७ वर बंद. परदेशी संस्थांनी नऊ हजार कोटींचं विकलं, देशी संस्थांनी बारा हजार कोटींचं घेतलं. त्या बारा हजारांत डोंबिवली-कल्याणच्या दोन-दोन हजारांच्या हप्त्यांचाही पैसा आहे, याचं मला खरोखर अप्रूप वाटलं.

१० एप्रिल, महावीर जयंती

आज बाजार बंद. काल रात्री पावणेअकराला बातमी आली: चीन सोडून बाकीच्यांना नव्वद दिवसांची सवलत, तोवर सरसकट १०. चीनवर मात्र १२५. आधीचे २० धरून १४५. अमेरिकेचा बाजार एका दिवसात साडेनऊ टक्के वर. २००८ नंतर असा दिवस नव्हता.

माघार कशामुळे, यावर दिवसभर वाचलं. मला पटतं ते कारण सरकारी रोख्यांचं. शेअर पडले की घाबरलेला पैसा एरवी अमेरिकी सरकारच्या रोख्यांकडे धावतो. या वेळी ते रोखेही लोक विकत होते, दहा वर्षांच्या रोख्याचा परतावा साडेचार टक्क्यांना जाऊन भिडला. ज्या कोपऱ्यात जग आडोशाला जातं, तोच कोपरा गळायला लागला. शेअरबाजाराची आरडाओरड चार दिवस कुणी ऐकली नव्हती, रोख्यांची एका रात्रीत ऐकली.

१५ एप्रिल

सेन्सेक्स ७६,७३४. तक्ता दाखवला त्या दिवशीच्या बंद भावाच्याही वर. बाईंना फोन केला नाही. करायला हवा होता.

१२ मे

जिनिव्हात अमेरिका-चीनचं जमलं. चीनवरच्या १४५ चे ३०, चीनने उलट लावलेल्या १२५ चे १०, पुन्हा नव्वद दिवसांसाठी. बाईंचा उजवा डोळा झाला, छान दिसतंय म्हणाल्या. मी एप्रिलचं बोलून टाकलं. त्या म्हणाल्या, "अगं, डोळा वेळेवर झाला ना?"

७ ऑगस्ट

आपल्यावर आजपासून २५. काल रात्री आणखी २५ ची सही झाली, रशियाचं तेल घेतो म्हणून. ते २७ पासून. चीनही रशियाचं तेल घेतो, आपल्यापेक्षा जास्त; त्याच्यावर त्यासाठी हा भार नाही. मला यात न्याय दिसत नाही.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

वॉशिंग्टनची मध्यरात्र म्हणजे आपले साडेनऊ. बरोबर त्याच वेळी आमच्याकडे प्राणप्रतिष्ठा चालली होती. मामेभाऊ सकाळपासून मखराला मदत करत होता. पन्नास टक्के सुरू झाले हे त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आरती संपेपर्यंत कुणीच बोललं नाही.

मोदक खाताना त्याने सांगितलं. ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे नाताळच्या मालाचा मोसम. एरवी या दिवसांत त्याला रात्री जेवायला घरी येता येत नाही. या वर्षी ओव्हरटाइम नाही. अमेरिकेच्या गिऱ्हाइकाने तयार माल थांबवून ठेवायला सांगितलाय. "बसवलेले खडे आहेत ताई, माझ्या हातचे. पेटीत पडून आहेत." त्याची बोटं बघितली. वीस वर्षं भिंगाखाली काम करून उजव्या अंगठ्याचं टोक सपाट झालंय.

२८ ऑगस्ट

सेन्सेक्स ७०६ अंशांनी खाली, तरी ८०,०८० वर. एप्रिलच्या त्या सोमवारपेक्षा जवळपास सात हजार अंश वर. गुंतवणूकदारांचा आज एकच फोन आला, तोही "अजून घेऊ का?" विचारणारा.

संध्याकाळी दीड दिवसाचं विसर्जन करून आलो. मामेभाऊ पाय धुऊन बसला आणि म्हणाला, "ताई, सोमवारपासून आठवड्याला चारच दिवस काम. माझा तो दोन हजारांचा हप्ता थोडे दिवस थांबवता येईल?"

येतो, म्हटलं. ५ सप्टेंबरचा आता अडवता येणार नाही, तो जाईल. ऑक्टोबरपासून तीन महिने थांबेल. एप्रिलमध्ये सगळ्यांना सांगत होते, हप्ता थांबवू नका, पडत्या बाजारातच जास्त युनिट मिळतात. त्याला तसं म्हटलं नाही. लॅपटॉप उघडला, त्याच्या मोबाइलवर आलेला ओटीपी त्याने वाचून दाखवला, मी भरला.