‘ड’ की ‘ढ’? : एका जिल्ह्याचे नाव आणि यंत्राची नजर

१/ मराठीत ‘गडचिरोली’, हिंदीत ‘गढ़चिरोली’. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन हा जिल्हा निर्माण झाला. ब्रिटिशकालीन कागदपत्रांत तर हा सारा वनप्रदेश ‘चांदा’ या नावाखालीच सापडतो.

२/ वाचणारा माणूस ‘ड’ आणि ‘ढ’मधला फरक सहज ओलांडतो, यंत्र ओलांडत नाही. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली आरंभलेल्या लिस्पच्या ‘कॉमन लिस्प’ या रूपात ‘चार/=’ हे फंक्शन दिलेली अक्षरे परस्परांहून भिन्न आहेत का, एवढेच पाहते. युनिकोडमध्ये ‘ड’चा क्रमांक २३३७, ‘ढ’चा २३३८. उत्तर : भिन्न.

३/ रोमन लिपीतील लहान-मोठ्या अक्षरांचा भेद न मानणारे ‘चार-नॉट-इक्वल’ही तिथे आहे. देवनागरीत मुळात तो भेदच नाही. त्यामुळे ही सवलत इथे निरुपयोगी.

४/ त्याहून फसवा ‘ढ़’. तो २३९७ हे एकच चिन्ह असू शकतो, किंवा ‘ढ’ आणि नुक्ता (२३६४) अशी जोडी. डोळ्यांना रूप एकच. यंत्राला पहिल्याच चिन्हापाशी भिन्न.

५/ २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दाव्यांत गॅझेटियर, जनगणना, नकाशे असे जुने सरकारी दस्तऐवज पुरावा म्हणून चालतात. अशा दस्तऐवजांच्या संगणकीय प्रतींत नावाचे एकच रूप शोधून ‘नोंद नाही’ म्हणणे म्हणजे असलेला पुरावा हातचा घालवणे. शोध घेताना नावाची सर्व रूपे तपासावीत. अक्षरे भिन्न आहेत एवढे यंत्र सांगते. भूमी एकच आहे, हे इतिहासाच्या अभ्यासकाने ओळखायचे असते.