हजेरीपटातली बाजारपेठ

आमच्या उर्दू शाळेचा हजेरीपट म्हणजे जुन्या कसब्याची बाजारपेठच. अत्तार, तांबोळी, बागवान, मण्यार, पिंजारी, शिकलगार, मुलाणी... पिंजाऱ्याच्या धनुकलीशिवाय गादी भरत नव्हती, लग्नाचा चुडा मण्याराकडून येई, शिकलगार विळ्या-कोयत्यांना धार लावी. त्रिं. ना. आत्रे यांच्या १९१५ च्या 'गावगाडा'त मुलाणी तर बलुतेदारांत मोजला आहे. सुगीत त्याला खळ्यावर धान्य मिळे. आता कापूस यंत्रावर पिंजतात, बलुतंही संपलं. पिंजारी आडनावाच्या मुलाला विचारलं, "बेटा, पिंजारी म्हणजे काय?" तो म्हणाला, "आडनाव, सर." गावगाडा आपल्याही खांद्यावर होता, हे या मुलांना कुणी सांगायचं? खळ्यावरचा वाटा पाहुण्याचा नसतो; तो गावकऱ्याचाच हक्क असतो.