बाबांचा माउस आणि आजीचा पाट

आपण इथे जुने वाडे, जुने गणपती, लग्नातल्या पंगती यांच्या आठवणी वाचतो. मी आज एका जुन्या माउसची गोष्ट सांगणार आहे. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

आमचं घर इंदूरला, रामबागेत. पणजोबा होळकर सरकारात हिशेबाच्या कामावर लागले म्हणून आम्ही इकडचे. 1948 साली संस्थान मध्य भारतात विलीन झालं, पण घर काही हललं नाही. बाबा बँकेतून रिटायर झाले आणि 2006 मध्ये त्यांनी कॉम्प्युटर घेतला. त्याच्याबरोबर बिनवायरचा माउस. "वायर मधे मधे येते," असं सांगायचे. खरं कारण आईचा हात. तिची बोटं तेव्हाच आखडायला लागली होती, आणि हा माउस चांगला तळहातभर, सराफ्यातल्या कचोरीएवढा होता.

बाबांनी पत्र्याच्या ट्रंकेतले सगळे फोटो स्कॅन केले. एकूण 412. मग रोज संध्याकाळी दोघं बसायची. आई माउसनं एकेक फोटो पुढे सरकवायची आणि सांगायची, "ही बनूआत्या, हा तिचा मधला दीर, ही मागे उभी आहे ती आपल्या वाड्यातली मावशी." बाबा नावं टाइप करायचे. कधी आईचं अडलं तर बाबा सांगायचे, कधी उलट. मधे सीपीयू बदलला, मॉनिटर बदलला, माउस तोच राहिला. 263 फोटोंची नावं झाली आणि बाबा गेले.

तीन वर्षं त्या खोलीत कुणी बसलं नाही. या दिवाळीला मुलगी पुण्याहून आली आणि म्हणाली, "आजी, राहिलेले फोटो पूर्ण करू या ना." आई लगेच उठली. चष्मा पुसला, खुर्चीत बसली, माउसवर हात ठेवला. काही हलेचना.

खालचं झाकण उघडलं तर आत पेन्सिल सेल फुटलेले. पांढरी पूड जमून पट्ट्या धरल्या होत्या. चूक माझीच. बाबा गेले तेव्हा सेल काढून ठेवायला हवे होते. सेल अल्कलाइनचे होते, म्हणून कापसाच्या काडीनं जरा व्हिनेगर लावलं, पूड निघाली, मग पुसून रात्रभर वाळू दिलं. सकाळी नवीन सेल घातले. तरी नाही.

आता हा माउस कसा चालतो ते थोडं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. आजकालच्या माउसचा रिसीव्हर नखाएवढा असतो, यूएसबीत खोचला की झालं. ते बहुतेक 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात. बाबांचा माउस त्याआधीच्या पिढीतला, 27 मेगाहर्ट्झवाला. त्याचा रिसीव्हर साबणाच्या वडीएवढा, त्याला वायर, वर एक बटण आणि हिरवा दिवा. माउस आणि रिसीव्हर यांची एक खूण ठरलेली असते, म्हणजे शेजारच्या टेबलावरचा माउस आपल्या स्क्रीनवर नाचत नाही. सेल फार दिवस संपलेले राहिले की ती ओळख कधी कधी पुसली जाते. मग रिसीव्हरचं बटण दाबायचं, दिवा लुकलुकायला लागला की काही सेकंदांत माउसच्या पोटाखालचं बारीक बटण पेनच्या टोकानं दाबायचं. पुन्हा ओळख होते.

मी हे सगळं केलं. एकदा नाही, दहादा. रिसीव्हर समोरच्या पोर्टमधून काढून मागच्यात लावला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. दिवा लुकलुकायचा, बाण दोन बोटं सरकायचा आणि थांबायचा.

आई मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "अरे, तो पाट कुठे गेला?"

मला वाटलं पूजेचं काही असेल. म्हटलं, "माळ्यावर टाकलाय आई, साफसफाईत. आत्ता कशाला हवाय?"

"नाही, राहू दे. तू परेशान आहेस."

मी माउस घेऊन सिल्व्हर मॉलला गेलो. तिथल्या पोरानं उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "भिया, ये तो म्यूज़ियम का माल है। नया ले जाओ।" घेतला नवा. छोटासा, चपटा. आईनं धरून बघितला, दोन वेळा निसटला. तिसऱ्यांदा तिनं तो हळूच बाजूला ठेवला आणि म्हणाली, "छान आहे. तू वापर." लॅपटॉपची ती चौकोनी पट्टी तिच्या बोटांना जमत नाही, मोबाईलवर चेहरे बारीक दिसतात. आठ दिवस विषय निघाला नाही.

पुढच्या रविवारी मी पेपर वाचत होतो. आई आली. दोन्ही हातांनी पाट धरलेला. कामवाल्या बाईंकडून माळ्यावरून काढवून घेतला होता, धुऊन पुसून आणला होता. आमच्या आजीचा, शिसवीचा, एक कोपरा उडालेला. म्हणाली, "ह्यावर ठेव. हे म्हणायचे, लोखंडावर त्याला ऐकू येत नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमचं कॉम्प्युटरचं टेबल लोखंडी, बँकेच्या लिलावातून आणलेलं. या जुन्या माउसचा पल्ला मुळात थोडाच. जवळ मोठा लोखंडी पत्रा असला की तोही आखडतो. बाबांनी हे ओळखून रिसीव्हर आणि माउस दोन्ही पाटावर ठेवलेले होते. तेरा-चौदा वर्षं तो पाट तिथे होता आणि मी तो अडगळ समजून माळ्यावर टाकला होता. आईनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

रिसीव्हर पाटावर ठेवला. वरचं बटण मी दाबलं, खालचं आईला दाबायला सांगितलं. बाण सरकला तो थेट स्क्रीनच्या कोपऱ्यापर्यंत.

आई काही बोलली नाही. खुर्ची पुढे ओढली आणि 264 नंबरचा फोटो उघडला. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांसमोर पाच बायका उभ्या आहेत, साल 1968 च्या आसपास, आईच्या लग्नाला दोनेक वर्षं झालेली. मी की-बोर्डवर बसलो. तिनं डावीकडून चार नावं सांगितली. पाचवीवर बाण नेला आणि थांबली. बराच वेळ बघत राहिली.

"ही ह्यांच्या मित्राची बायको. बडवानीकडची होती. हलव्याचे दागिने सुंदर करायची. नाव... ह्यांना माहीत होतं रे."

मी तिथे "बडवानीकडच्या, हलव्याचे दागिने सुंदर करायच्या" एवढंच टाइप केलं. तीन वर्षांपूर्वी बसलो असतो तर कदाचित आईलाच आठवलं असतं. कुणी सांगावं.

आता दर रविवारी आम्ही दोघं बसतो. उठताना सेल काढून डबीत ठेवतो. आजपर्यंत आणखी 18 फोटो झाले, 131 राहिले.

तो छत्र्यांसमोरचा फोटो सोबत देतोय. उजवीकडून पहिल्या, काठापदराच्या साडीतल्या, हातात पिशवी असलेल्या. इंदूर, धार, बडवानीकडच्या जुन्या मंडळींपैकी कुणी ओळखलं तर जरूर कळवा. आईला सांगायचंय.