खमीर, खामरा आणि चौदा दिवसांच्या गोळ्या

मराठी विज्ञानाच्या पुस्तकात ज्याला विकर म्हणतात, त्याला उर्दूत खामरा म्हणतात. मी दोन्ही भाषा शिकवतो, विज्ञान नाही, तरी मुलं शब्दाचा अर्थ विचारायला माझ्याकडेच येतात. खामरा हा खमीरचा भाऊबंद. खमिरी रोटीचं पीठ रात्रीतून फुगताना ज्यानं पाहिलंय, त्याला अर्धा धडा आधीच कळलेला असतो. 'विकर' मात्र पाठ करावा लागतो. (मराठीवर राग नाही, पारिभाषिक शब्द बनवणाऱ्यांवर थोडा आहे.)

यंदा पावसाळ्यात शेजारच्या खालांच्या मुलाला हिवताप झाला, व्हायव्हॅक्स. तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि खालांनी उरलेल्या गोळ्या फडताळात टाकल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "बुखार तो गया बेटा, अब गोली काहेकू?"

प्रश्न रास्त होता. उत्तर खामऱ्यांत आहे.

हिवतापाचा परजीवी आपल्या तांबड्या पेशीत शिरतो आणि आतलं हिमोग्लोबिन खातो. खातो म्हणजे त्याचे खामरे, प्लाझ्मेप्सिन आणि फॅल्सिपेन, त्या मोठ्या प्रथिनाचे तुकडे पाडतात. त्यातून त्याला वाढायला माल मिळतो. पण मागे उरतं हीम, लोहवालं, आणि ते त्याच्यासाठीच जहर. म्हणून तो त्याचे काळपट-तपकिरी स्फटिक बनवून एका कोपऱ्यात साठवतो. क्लोरोक्विन नेमकी ही सफाई बंद पाडतं. परजीवी स्वतःच्याच उष्ट्यानं मरतो.

हाच काळपट रंग 1880 साली अल्जीरियात लाव्हरानला रुग्णाच्या रक्तात दिसला आणि त्याचा पाठलाग करताना परजीवी सापडला. 20 ऑगस्ट 1897 ला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात तेच कण दिसले. त्या डासानं रक्त प्यायलं होतं हुसेन खान नावाच्या रुग्णाचं. दर डासामागे एक आणा मिळायचा त्याला. रॉसला 1902 चं नोबेल मिळालं. हुसेन खानचं नाव आमच्या मुलांना कुठल्याच पुस्तकात भेटत नाही.

आता खालांचा प्रश्न. व्हायव्हॅक्सचे काही परजीवी यकृतात निजून राहतात. तिथं ते हिमोग्लोबिन खात नाहीत, म्हणजे उष्टं नाही, म्हणजे क्लोरोक्विनला पकडायला काहीच नाही. काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी ते उठतात आणि घरचे म्हणतात, पुन्हा डास चावला. त्या झोपलेल्यांसाठी प्रायमाक्विन.

इथं एक खामरा आपलाही येतो: जी-सिक्स-पी-डी. तो तांबड्या पेशींना सांभाळतो. काहींच्या अंगात तो जन्मतःच कमी असतो, मुलग्यांत जास्त. अशांना प्रायमाक्विननं पेशी फुटून लघवी काळसर होऊ शकते. तसं दिसलं तर गोळी थांबवून लगेच डॉक्टर गाठायचा. म्हणून शक्य तिथं आधी ही तपासणी करून घ्यावी. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला ही गोळी देतच नाहीत.

दुसऱ्या दिवशी खाला मुलाला घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेल्या. तपासणी ठीक आली, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. आज नववा दिवस. लघवीचा रंग कसा आहे, हे पोरगा रोज सकाळी गच्चीवरून मला ओरडून सांगतो. सगळा मोहल्ला ऐकतो.