नवी मोटर, जुना गुडघा

मंडळी, दोन आठवडे इथे काही लिहिलं नाही, कारण घरात एकच विषय चालू आहे. नवी इलेक्ट्रिक माउंटन बाईक घ्यायची की नाही? ज्यांना सायकलीत रस नाही त्यांनी हा वीकेंड खुशाल दुसरं काही वाचावं :)

आधी थोडं बॅकग्राउंड. आम्ही राहतो श्टुटगार्टला. शहराचा मधला भाग खोलगट वाटीत आणि चारी बाजूंना चढ. मारिएनप्लाट्झवरून डेगरलोखला दातेरी रुळांची गाडी जाते, १८८४ पासून. तिला सायकलींसाठी वेगळा डबा जोडलेला असतो, पण सायकली फक्त वर जाताना घेतात. खाली येताना तुमचं तुम्ही बघा. गावाचा स्वभाव यावरून कळावा.

२०२१ च्या हिवाळ्यात बायको बर्फावरून घसरली आणि डाव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन, फिजिओ, सगळं झालं. त्याआधी ती माझ्या पुढे सायकल हाणायची, पुण्यात असताना सिंहगडावरही. नंतर चढ आला की उतरून चालायला लागली, मग एके रविवारी म्हणाली, "तू जा, मी घरीच बरी." हे असंच तीन-चार रविवार झालं तेव्हा मी गुपचूप एक वापरलेली ई-बाईक आणली. २०१८ चं मॉडेल, बॉशची परफॉर्मन्स लाइन सीएक्स मोटर, ५०० वॅट-अवरची बॅटरी. मी माझ्या साध्या, बिनमोटरच्या सायकलवर, ती ई-बाईकवर. चार वर्षं छान चाललं.

आता त्या बॅटरीत पूर्वीइतका दम राहिला नाही. शिवाय ऑफिसची लीजिंगची स्कीम आहे: ३६ महिने पगारातून हप्ता जातो आणि टॅक्स दर महिन्याला सायकलच्या छापील किमतीच्या पाव टक्क्यावर धरतात. एवढं गाजर समोर असल्यावर माणूस कॅटलॉग उघडणारच. म्हटलं, आधी दोन दिवस नवी सायकल भाड्याने आणू, मग बोलू.

कागदावर फरक बराच आहे. जुन्या मोटरचं वजन चार किलो, २०२४ च्या नव्या सीएक्सचं २.८. जुन्या मोटरला पुढे बिस्किटाएवढी छोटी दातेरी चकती असते, पेडलच्या एका फेऱ्यात ती अडीच फेरे फिरते. नवीला नेहमीसारखी मोठी. टॉर्क ७५ वरून ८५ न्यूटन-मीटर, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात आलेल्या अपडेटनंतर हवं असेल तर १००. मी प्रोफेशनने सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे लोखंडाची ताकद एका रिलीजमध्ये वाढते हे वाचून मला उगाचच अभिमान वाटला. (आमच्या रिलीजनंतर सहसा काहीतरी कमी होतं.)

पण युरोपातला कायदा होता तिथेच आहे. सतत चालणारी पॉवर २५० वॅट, आणि ताशी २५ किलोमीटरला मोटर मदत थांबवते. म्हणजे सपाट रस्त्यावर जुनी आणि नवी दोन्ही सारख्याच. एक गोष्ट मात्र लगेच जाणवते. २५ च्या पुढे जुनी मोटर पायाला ओढून धरते, चिखलात चालल्यासारखं. नवी सोडून देते. आणि वजन? मोटरचं किलोभर वाचलं ते मोठ्या बॅटरीने आणि दणकट फोर्कने खाल्लं. एकूण सायकल अजूनही २३-२४ किलोच. तळघराच्या जिन्यावर हे फार नीट समजतं.

शनिवारी बिर्केनकॉफला गेलो. ही ५११ मीटरची टेकडी अर्धी माणसांनी बनवलेली. युद्धात पडलेल्या शहराचा राडारोडा इथे आणून टाकला, टेकडी चाळीसेक मीटरनी वाढली. माथ्यावर अजून घडीव दगड, खांबांचे तुकडे पडलेले दिसतात. वाट रुंद आहे, हेही महत्त्वाचं, कारण या राज्यात जंगलात दोन मीटरपेक्षा अरुंद पायवाटेवर सायकल चालवायला बंदी आहे. असो.

बायको नव्यावर, मी तिच्या जुन्यावर. मोटर घेतल्यावर मला दम लागायचं कारण नव्हतं, त्यामुळे पहिल्यांदाच मी तिच्याकडे नीट बघत चढलो. आणि लक्षात आलं की ती चढावर थांबायला घाबरते. थांबलं की डावा पाय टेकायचा, मग त्याच पायावर २४ किलो सांभाळत पुन्हा निघायचं. जुनी मोटर निघताना क्षणभर विचार करते, मग एकदम धक्का देते. चार वर्षं मी पुढे-मागे धापा टाकत होतो, हे मला कधी दिसलंच नव्हतं.

नवी पेडलवर पाय दाबला की लगेच, पण अलगद धरते. शिवाय दगडावर पाय क्षणभर थांबले तरी मोटर थोडं ढकलत राहते. एका वळणावर तिने मुद्दाम थांबून, निघून बघितलं. मग परत एकदा. मी काही बोललो नाही.

वर पोचल्यावर विचारलं, "कशी आहे?"

"आवाज येत नाही."

मला वाटलं, कौतुक. तर नाही! जुनी मोटर चढावर मिक्सरसारखी घरघरते. त्या घरघरीवरून तिला कळायचं की मोटर किती करतेय आणि गुडघा किती करतोय. आवाज वाढला की गुडघा निवांत. नवीत कळतच नाही. ज्या गोष्टीसाठी कंपन्यांचे इंजिनिअर वर्षानुवर्षं झिजले ती हिला नको होती. रिक्वायरमेंट गोळा करताना युजरला विचारावं म्हणतात ते हेच.

"पण ती सीट मस्त आहे," ती म्हणाली.

म्हणजे ड्रॉपर पोस्ट. हँडलवरचं बटण दाबून बसलं की सीट खाली जाते, पुन्हा दाबलं की वर येते. थांबायच्या आधी सीट खाली, दोन्ही पाय आरामात जमिनीवर. तिच्या उंचीला हीच खरी सोय, आणि त्यात वीज औषधालाही नाही! जुन्या सायकलला ही भानगड नव्हती.

सोमवारी सायकल परत करताना दुकानदाराला विचारलं. ड्रॉपर पोस्ट जुन्या सायकलला बसते, बसवून साधारण अडीचशे युरो. बॅटरीचा मामला वेगळा. २०२१ पासून आलेली सिस्टिम संपूर्ण नवी आहे, तिच्या बॅटऱ्या जुन्याला चालत नाहीत. जुन्या पद्धतीचीच घ्यावी लागेल, ती मिळते. म्हणजे हजाराच्या आत जुनी सायकल पुन्हा उभी राहते. नवी साडेसहा हजाराची. निघतानाचा तो अलगदपणा मात्र कुठल्याही दुकानात सुटा मिळत नाही, तो मोटरबरोबरच येतो.

परवा पोस्ट बसवून आणली. काल पुन्हा बिर्केनकॉफ. मी आपल्या साध्या सायकलवर, ती जुन्यावर. तीच घरघर पुढे पुढे गेली आणि वळणाआड ऐकू येईनाशी झाली. मी पोचलो तेव्हा ती दगडावर बसून सफरचंद खात होती, डावा पाय लांब सोडून.

"चढावर थांबलीस का?"

"दोनदा. निघाले की." थोडा वेळ तिने खाली शहराकडे बघितलं. मग म्हणाली, "नवी घ्यायचीच तर तू घे. मला इथे तुझी वाट बघत बसायचा कंटाळा येतो."

लीजिंगचा फॉर्म दुसऱ्या टॅबमध्ये उघडा आहे. नाव माझं भरलंय, साइजच्या रकान्यात तिची आहे.