खानावळीतील धडा

उन्हाळ्याच्या सुट्टीतील एका रविवारी आमच्या धर्मग्रामातील काही मुलांनी प्रथम ख्रिस्तप्रसाद स्वीकारला. मिस्सा आटोपल्यावर तीन कुटुंबांनी मिळून अलिबागला जेवायला जाण्याचा बेत केला आणि आम्हांलाही आग्रहाने सोबत घेतले. निदान त्या एका दिवशी तरी घरच्या बायकांची चुलीपासून सुटका व्हावी, असा एका वडिलांचा हेतू होता. तो आम्हांला मनापासून आवडला.

रविवारी दुपारी अलिबागमध्ये जेवायला जागा मिळणे सोपे नसते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारगाड्या घेऊन येणारी रो-रो बोट २०२० साली सुरू झाली, तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मुंबईकरांची गर्दी आणखी वाढली आहे. आमच्यासोबत सात मुले होती. त्यांतले सर्वांत धाकटे अद्याप तीन वर्षांचेही नव्हते. पहिल्या हॉटेलच्या दारातच व्यवस्थापकाने मुलांकडे पाहून कपाळाला आठ्या घातल्या आणि तासभर थांबावे लागेल असे सांगितले. शेवटी बाजारपेठेलगतच्या एका आळीत, सहा टेबलांच्या खानावळीत आम्हांला जागा मिळाली. गल्ल्यावर एक वयस्क बाई बसल्या होत्या. येणारे-जाणारे त्यांना मावशी म्हणत होते.

त्या धाकट्याच्या आईने आत येताच दाराजवळची खुर्ची धरली. ताटे यायला वेळ होता. भुकेने कासावीस झालेले पोर आधी कुरकुरले, मग मोठ्याने रडू लागले. सोबत आलेली त्याची आजी मूळची कोर्लईची. तिने पोर्तुगीजमधून उतरलेल्या आपल्या 'नोलिंग' भाषेत त्याची समजूत घालून पाहिली, पण उपयोग झाला नाही. शेवटी त्याचा हात लागून स्टीलचा पेला कलंडला आणि शेजारच्या टेबलावरील गृहस्थांचे पाय भिजले. ती तरुण आई शरमेने लाल झाली आणि पोराला उचलून दाराकडे निघाली. तोच मावशींचा आवाज आला, "कुठं चाललीस गो बाय? पानीच सांडलंय ना? पोर भुकेलंय, आदी त्याला वाढते."

मावशी स्वतः उठल्या. वाटीत मऊ वरणभात, वर चमचाभर तूप आणि सुरमईचा एक बिनतिखट तुकडा घेऊन आल्या. आपल्या बोटांनी त्यांनी मधला काटा काढला, पुन्हा एकदा चाचपून पाहिले आणि मग तो घास आईच्या हाती दिला. पाच मिनिटांत खानावळ शांत झाली. आम्ही आभार मानले तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "फादर, आमचा धंद्याचा नियमच हाय. ल्हान पोराला पयलं वाढायचं. पोर जेवलं का आयबाप निवांत जेवतान, आन टेबल बी लवकर मोकलं व्हतं." मायेने आणि व्यवहाराने एकमेकांच्या हातात हात घालावा, असे ते उत्तर होते.

आम्ही त्या आईला म्हणालो, "इतकी घाबरलीस कशाला?" ती म्हणाली, "सवय झाली आहे, फादर. चर्चमध्येही आम्ही शेवटच्याच बाकावर बसतो. हा रडला की पटकन बाहेर पडता येतं." तिच्या स्वरात तक्रारीचा लवलेशही नव्हता. म्हणूनच ते वाक्य आमच्या घशात काट्यासारखे अडकले.

वाचकहो, येथे आम्हांला एक कबुली द्यायची आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात, आमचे प्रवचन चालू असताना एक बाळ रडू लागले. आम्ही बोलायचे थांबलो. सगळ्या मंदिरात शांतता पसरली आणि माना त्या मातेकडे वळल्या. "बाळाला बाहेर नेले तर इतरांना देवाचा शब्द ऐकता येईल," असे आम्ही म्हणालो. ती उठली आणि बाहेर गेली. त्या दिवशीच्या प्रवचनाचा विषय आज आम्हांला आठवत नाही. ते एक वाक्य मात्र शब्दशः आठवते. पुढे ते कुटुंब मिस्सेला क्वचितच दिसू लागले. लोक श्रद्धेत ढिले पडतात, असा सोपा निष्कर्ष आम्ही काढला. खरे कारण बाळाच्या आजीने आम्हांला सांगितले, ते आमच्या बदलीच्या आठवड्यात. क्षमा मागायला जावे असे मनात आले; परंतु सामानसुमानाच्या धांदलीत, किंवा खरे सांगायचे तर संकोचामुळे, ते राहून गेले.

अलिबागहून परतताना आमच्या मनात एकच विचार घोळत होता. पंगत कोणतीही असो, तिच्यात लहानग्यांना जागा मिळायला वेळच लागतो.

खानावळीचेच पाहा. आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर बाहेर खाणे म्हणजे पूर्वी जत्रेतली भजी, एस.टी. स्थानकावरचा चहा, फार तर थंडीच्या दिवसांत वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला मडक्यात भरून शेतावर लावलेली पोपटी. खानावळ होती ती घरापासून दूर राहणाऱ्या पुरुषांसाठी. कोकणातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेला कामगार खोलीत दाटीवाटीने राही आणि महिन्याचे पैसे भरून एखाद्या बाईच्या घरी दोन वेळ जेवे. अशा खानावळी चालवणाऱ्या कष्टकरी स्त्रियांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने संघटित केले. त्या पंगतीत बायका-मुलांना जागा नव्हती, कारण बायका-मुले गावाकडे होती. इराण्यांच्या हॉटेलांत कुटुंबासाठी आडोसा करून 'फॅमिली रूम' ठेवावी लागे, यातच सर्व आले. आज मूल कडेवर घेऊन सहकुटुंब खानावळीत शिरणे आपल्याला साधी गोष्ट वाटते. पण ती साधी व्हायला दोन पिढ्या गेल्या.

आपल्या ख्रिस्तसभेच्या पवित्र भोजनाचा इतिहासही काही निराळा नाही. समजूत आलेल्या प्रत्येकाने पुनरुत्थान सणाच्या काळात ख्रिस्तप्रसाद घ्यावा, असे चौथ्या लॅटरन परिषदेने १२१५ मध्ये ठरवले होते. पुढे समजुतीचे वय वाढवता वाढवता काही देशांत दहा, बारा, चौदा वर्षांपर्यंत नेले गेले. मुलांना काय कळते, असा थोरांचा सूर होता. संत दहावे पायस यांनी ८ ऑगस्ट १९१० च्या आज्ञापत्रकाने हा सूर मोडला. या भाकरीत आणि रोजच्या भाकरीत फरक आहे एवढे मुलाला उमगले की पुरे. साधारण सातव्या वर्षापासून त्याला प्रभूच्या मेजावर येऊ द्यावे, असे त्यांनी ठरवून दिले. त्या काळी मध्यरात्रीपासून उपवास पाळावा लागे, तोही लेकरांना कठीण जाई. १९५३ मध्ये पाणी पिण्याची मुभा मिळाली, १९५७ मध्ये उपवास तीन तासांवर आला आणि १९६४ मध्ये एका तासावर. एकेक अडसर दूर झाला तो असा, हळूहळू. १२ जानेवारी २०१४ रोजी सिस्टाईन चॅपेलमध्ये बाळांना स्नानसंस्कार देताना दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी तर मातांना सांगितले, की बाळ भुकेले असेल तर येथेच निःसंकोच पाजा. आमच्या मावशींनी पोप महोदयांचे ते शब्द ऐकले असण्याची शक्यता नाही. परंतु दोघांचा नियम एकच होता.

याचा अर्थ मुलांना मोकाट सोडावे असा मात्र नव्हे. मावशींनीच आम्हांला आणखी एक गोष्ट सांगितली. मुले रडतात याचा त्यांना त्रास होत नाही. आईबाप गप्पांत रंगतात आणि मुले स्वयंपाकघराच्या दारापर्यंत धावत येतात, तेव्हा त्यांच्या पोटात गोळा येतो. आत तेलाची कढई उकळत असते आणि वाढप्याच्या हातात गरम ताटे असतात. दुसरी गोष्ट आम्ही त्याच दुपारी स्वतः पाहिली. कोपऱ्यातील टेबलावर दीड-दोन वर्षांच्या बाळासमोर मोबाईल उभा केला होता. बाळ पडद्याकडे पाहत होते आणि त्याच्या तोंडात घास सारले जात होते. दोन वर्षांखालील बालकांपुढे पडदा ठेवूच नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सुचवले आहे. आमचे म्हणणे त्याहून साधे आहे. ते बाळ त्या पंगतीत बसलेच नव्हते. ते दुसरीकडेच कुठेतरी होते.

तिसरी गोष्ट लिहिताना आमची लेखणी जराशी अडखळते, पण लिहिले पाहिजे. आपल्या समाजात सणासमारंभाला पेला पुढे येतो. समुद्रकाठच्या हॉटेलात वडीलमंडळी बाटली उघडून तीन-तीन तास बसतात. मुलांच्या पुढ्यात थंड पेयाची बाटली आणि बटाट्याचे काप ठेवले की आपले कर्तव्य संपले असे त्यांना वाटते. कंटाळलेले मूल वडिलांचा चढत जाणारा आवाज ऐकत असते आणि परतीच्या गाडीत भेदरून बसते. मुलांसोबत बाहेर जेवायला जावे, जरूर जावे. पण जेवणाची वेळ मुलांच्या भुकेने ठरावी, पेल्याने नव्हे. कोकम सरबताने त्या दुपारी आमच्या आनंदात काही उणे पडले नाही.

पुढील रविवारी आम्ही वेदीसमोरचे दोन बाक लहान मुलांच्या कुटुंबांसाठी मोकळे ठेवले. एका ज्येष्ठ गृहस्थांनी नापसंती दर्शवली. त्यांनाही शांतपणे प्रार्थना करण्याचा हक्क आहे, म्हणून सकाळची पहिली मिस्सा आम्ही अधिक निवांत ठेवण्याचे कबूल केले. ती तरुण आई बिचकत दुसऱ्या बाकावर येऊन बसली. समोर वेदी, मेणबत्त्या, पोशाख घातलेले वेदीसेवक असे बरेच काही पाहायला मिळाल्यामुळे असेल, पण पोर पुष्कळ वेळ गप्प होते. प्रवचनाच्या मध्यावर ते रडले. तिने आमच्याकडे पाहिले. आम्ही थोडा वेळ थांबलो आणि ते शांत झाल्यावर पुढे बोलू लागलो. एवढेच.

एक काम मात्र उरले होते. त्यानंतरच्या महिन्यात आम्ही वीस वर्षांपूर्वीच्या त्या धर्मग्रामात गेलो आणि पत्ता विचारीत त्या घरी पोहोचलो. ते बाळ आता नोकरीला लागले आहे. त्याच्या आईने दार उघडले आणि आम्हांला लगेच ओळखले. आम्ही जे बोलायला आलो होतो ते बोललो. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "तो दिवस मी विसरले नाही, फादर. खोटं कशाला सांगू?" पदराने डोळे पुसून ती आत वळली आणि आतूनच तिने विचारले, "उशीर झालाय. जेवूनच जाल ना?"

आम्ही जेवूनच आलो.